अंगण नाही, प्रोजेक्टर वाकडा!

सेमिनारचा दिवस. पीपीटी पेन ड्राइव्हवर आहे, स्वतःला मेल केलेली आहे, शिवाय ग्रुपवरही टाकून ठेवलीय. एचडीएमआय केबल मिळाली, लॅपटॉप जोडला, पडदा उजळला... आणि वर्गात खसखस पिकली. कारण समोर दिसतंय ते चौकोन नाहीच. वरची कड ऐसपैस पसरलेली, खालची आखडलेली. शीर्षक ढगाएवढं, खालच्या ओळी मुंग्यांएवढ्या. मग कुणीतरी पळत जाऊन प्रोजेक्टरच्या नाकाखाली दोन जर्नल सरकवतो. चित्र वर जातं खरं, पण आणखी फाकतं. शेवटी लॅबचे मामा कपाटातून रिमोट काढतात, ‘कीस्टोन’चं बटण आठ-दहा वेळा दाबतात, कडा सरळ होतात आणि सगळे हुश्श करतात.

कडा सरळ झाल्या हे खरं. पण त्या बदल्यात काय गेलं, ते शेवटच्या बाकावरून बघा. आलेखाच्या अक्षांवरचे आकडे धूसर झालेत. टेबलातल्या बारीक रेघा कुठे जाड, कुठे गायब. आणि स्लाइड मराठीत असेल तर पहिला बळी जातो अनुस्वाराचा. इंग्रजी ‘ए’ जरा पुसट झाला तरी ‘ए’च वाचला जातो. आपल्या लिपीत मात्र दोन-तीन पिक्सेलांचा एक ठिपका विरघळला की ‘वंश’चा ‘वश’ होतो आणि ‘मंद’चा ‘मद’. एक्स्टर्नल मागच्या रांगेत बसले असतील तर तुमची सहा महिन्यांची मेहनत त्यांना डोळे बारीक करून वाचावी लागते. मार्कांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

म्हणून ही भानगड मुळापासून समजून घेऊ. गणित दहावीचंच आहे, लोड घेऊ नका.

समलंब चौकोन येतो कुठून?

भिंतीसमोर टॉर्च काटकोनात धरला की गोल उजेड पडतो. तोच तिरका धरला की उजेड लांबट होतो, कारण काही किरणांना भिंतीपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं आणि जितकं लांब जातील तितके ते पसरतात. प्रोजेक्टर म्हणजे आत चित्र असलेला टॉर्च. तो बाकावर ठेवून नाक वर उचललं की वरच्या कडेचे किरण जास्त लांब जातात, वरची कड रुंद होते. आयताचा समलंब चौकोन होतो. प्रोजेक्टर उंचावर ठेवून खाली झुकवला तर उलटं, खालची कड रुंद. आणि तो एका बाजूला ठेवून पडद्याकडे वळवला तर डावी-उजवी बाजू लहानमोठी होते.

कीस्टोन हे नावही या आकारावरूनच आलंय. दगडी कमानीच्या अगदी माथ्यावर, मधोमध, पाचरीसारखा जो दगड बसवतात, तो वर रुंद आणि खाली निमुळता असतो. इंग्रजीत त्याला कीस्टोन म्हणतात. जुन्या वाड्याच्या किंवा पुलाच्या कमानीकडे मान वर करून बघा, तुमची बिघडलेली स्लाइड तिथे दगडात दिसेल.

आता थोडी आकडेमोड. समजा तुमच्या प्रोजेक्टरची लेन्स अगदी नाकासमोर बघते आणि ती ३ मीटरवरून २ मीटर रुंदीचं चित्र टाकते. भिंत ३ मीटरवर आहे आणि तुम्ही नाक १५ अंशांनी वर उचललं. १५ अंश म्हणजे फार नाही, दोन जाडजूड पुस्तकं. तरी वरची कड होते सुमारे २.१८ मीटर आणि खालची सुमारे १.९७ मीटर. म्हणजे जवळपास वीतभर फरक, जो कुणालाही दिसतो.

बटण नेमकं करतं काय?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं की कीस्टोनचं बटण दाबलं की लेन्स आतल्या आत सरळ होते. तसं काहीही होत नाही. लेन्स जागची हलत नाही, प्रकाशही त्याच तिरक्या वाटेने जातो. प्रोजेक्टर फक्त तुमच्या चित्रालाच आधी उलट्या बाजूने वाकडं करतो. वरची कड भिंतीवर फाकणार आहे ना, मग ती आतल्या आत आधीच आखडून घ्यायची. वाकड्यावर उलटं वाकडं टाकलं की सरळ दिसतं.

ही हुशारी भारीच आहे, पण फुकट नाही. प्रोजेक्टरच्या आत जे पॅनल असतं, त्यावरचे पिक्सेल मोजके आणि जागच्या जागी खिळलेले असतात. फुल एचडी असेल तर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार. चित्र आखडून घेतलं की कडेचे पिक्सेल नुसते बसून राहतात. वरच्या उदाहरणात, १५ अंशांना, चित्राचं प्रमाण तेच ठेवून कीस्टोन केलं तर सुमारे ११ टक्के पिक्सेल वाया जातात. सव्वादोन लाखांहून जास्त! कोन ३० अंश केला तर तोटा नुसता दुप्पट होत नाही, जवळपास चौथा हिस्सा जातो. त्या पिक्सेलांबरोबर त्यांचा उजेडही जातो. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात तो उजेड फार महत्त्वाचा असतो.

बरं, उरलेले पिक्सेल तरी नीट वापरले जावेत! तेही नाही. मूळ स्लाइडमधला एक ठिपका आता पॅनलच्या एका ठिपक्यावर बरोब्बर बसत नाही. दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, मग प्रोजेक्टर शेजारच्या दोघांत रंग वाटून टाकतो. म्हणून अक्षरं मऊ पडतात, सरळ रेघेला पायऱ्या पडतात, तक्त्यातल्या जाळीवर लाटा दिसतात. फोटोत हे फारसं कळत नाही, सिनेमात त्याहून कमी. पण मजकुरात लगेच कळतं, आणि आपल्या स्लाइड म्हणजे ९० टक्के मजकूरच, नाही का?

आणखी एक गोष्ट बटणाने सुटत नाही, ती म्हणजे फोकस. वरची कड लांब आहे ती लांबच राहते. मधला भाग स्वच्छ केला की वरचा पुसटतो, वरचा सांभाळला की खालचा जातो. मग पोरं अर्धा तास फोकसची रिंग फिरवत बसतात. रिंगचा काही दोष नसतो.

अंधाऱ्या खोलीत तर गंमतच. बसून राहिलेले पिक्सेल पूर्ण काळे होत नाहीत, कारण साध्या प्रोजेक्टरचा ‘काळा’ खरं तर गडद राखाडी असतो. चित्राभोवती एक फिकट समलंब चौकोन भुतासारखा दिसत राहतो. पुढच्या वेळी होस्टेलच्या रूमवर मॅच बघताना नीट निरखून बघा.

फुगलंय तिकडे सरकवा

मग करायचं काय? एकच वाक्य लक्षात ठेवा : ज्या बाजूला चित्र फुगलंय, त्या बाजूला प्रोजेक्टर सरकवा आणि त्याचं तोंड पडद्याला काटकोनात करा.

वरची कड रुंद आहे? प्रोजेक्टर वर न्या. नाक नाही, अख्खा प्रोजेक्टर. जर्नल फक्त पुढच्या पायाखाली सरकवण्यात चूक हीच होते की त्याने उंची वाढत नाही, कोन वाढतो. बाकावर दुसरा बाक चढवा, स्टूल आणा, काहीही करा, पण चारही पाय एकसारखे उचला. डावी बाजू उंच दिसतेय? याचा अर्थ प्रोजेक्टर उजवीकडे बसलाय आणि मान डावीकडे वळवून बघतोय. त्याला डावीकडे, मध्यावर आणा. हे एकदा डोक्यात बसलं की रिमोट शोधायचीही गरज पडत नाही.

मध्य म्हणजे कुठला मध्य, यात मात्र एक मेख आहे. आडवा मध्य सरळ आहे : लेन्स पडद्याच्या मधोमध. उभ्या दिशेने तसं नसतं. कॉलेजांत दिसणारे बहुतेक टेबलावरचे प्रोजेक्टर मुद्दाम असे बनवलेले असतात की सपाट ठेवले तरी चित्र लेन्सच्या वर पडतं, आणि लेन्स चित्राच्या खालच्या कडेच्या आसपास येते. याला ऑफसेट म्हणतात. म्हणजे बाक पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीवर आणला, प्रोजेक्टर सपाट ठेवला, की काम झालं. एक अंशही वाकवायची गरज नाही. याउलट हल्ली ऑनलाइन मिळणारे छोटे एलईडी प्रोजेक्टर. त्यांच्यापैकी पुष्कळांना ऑफसेटच नसतो, त्यांची लेन्स पडद्याच्या बरोबर मध्यावर लागते. तुमचा कुठला आहे हे कळायला दोन मिनिटं लागतात. प्रोजेक्टर सपाट टेबलावर भिंतीसमोर ठेवा आणि चित्र लेन्सच्या वर पडतंय की लेन्सच्या दोन्ही बाजूंना सारखं, ते बघा.

महागड्या प्रोजेक्टरला लेन्सजवळ आणखी एक चक्री असते, लेन्स शिफ्टची. ती फिरवली की लेन्स खरोखर वर-खाली सरकते आणि चित्रही सरळच्या सरळ सरकतं, एकही पिक्सेल न गमावता. इमारतींचे फोटो काढणारे व्यावसायिक फोटोग्राफर नेमकी हीच युक्ती कॅमेऱ्यात वापरतात. मोबाइल वर करून उंच टॉवरचा फोटो काढला की टॉवर मागे कलल्यासारखा, वर निमुळता दिसतो. हा कीस्टोनचाच भाऊ. ते लोक कॅमेरा सरळ ठेवतात आणि लेन्स वर सरकवतात. तुमच्या ऑडिटोरियमच्या प्रोजेक्टरला ही चक्री असेल आणि गेली पाच वर्षं तिला कुणी हात लावला नसेल, अशी दाट शक्यता आहे.

आता खरी अडचण येते ती गॅदरिंगला किंवा फिल्म क्लबच्या शोला. मधोमध टेबल ठेवलं तर समोरच्यांची डोकी पडद्यावर दिसतात. म्हणून टेबल जातं कडेला आणि आडवं कीस्टोन सुरू होतं. त्यापेक्षा मधल्या दोन-तीन खुर्च्या गाळा. किंवा प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे, उंच मचाणावर न्या. फक्त मचाणावर तो नेहमीसारखा ठेवून खाली झुकवू नका. ऑफसेटवाला प्रोजेक्टर असेल तर तो उलटा टांगा, मेन्यूमध्ये ‘फ्रंट सीलिंग’ निवडा, म्हणजे चित्र लेन्सच्या खाली पडेल आणि झुकवण्याची वेळच येणार नाही. वर्गात छताला लटकलेले प्रोजेक्टर उलटे असतात ते याचसाठी. बुडाशी स्क्रूची भोकं असतात, त्यांवर फळी पक्की बसवता येते. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, खाली माणसं बसलेली असतात. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत एवढं बघा. हे टेबलालाही लागू आहे. जर्नलांच्या ढिगात रुतलेला प्रोजेक्टर तापून मधेच बंद पडतो, आणि बरोबर क्लायमॅक्सलाच पडतो.

प्रोजेक्टर हलवणं शक्यच नसेल तर पडदा हलवा! हे सहसा कुणाला सुचत नाही. काटकोन हवा आहे तो दोघांमध्ये, तो कुणी जुळवला याच्याशी प्रकाशाला घेणंदेणं नाही. पूर्वी पारदर्शक कागदावर लिहून दाखवायचे ओव्हरहेड प्रोजेक्टर होते. तुमच्या सरांना-मॅडमना विचारा, त्यांनी त्यावर तास घेतले असतील. त्यांचा उजेड खालून तिरका वर जायचा, म्हणून त्यांच्या पडद्याच्या स्टँडला वर पुढे आलेला एक दांडा असायचा. पडद्याची वरची कड त्यात अडकवली की पडदा पुढे झुकायचा आणि चित्र चौकोनी व्हायचं. ना बॅटरी, ना मेन्यू.

सरळ कडा म्हणजे सरळ चित्र नव्हे

रिळांच्या जमान्यातल्या सिनेमागृहांतही हा त्रास होताच. प्रोजेक्शनची खोली बाल्कनीच्याही वर, झोत खाली तिरका, त्यामुळे पडद्यावर चित्राची खालची कड रुंद. तिथे रिळासमोर एक धातूची पट्टी असायची, मधे चौकोनी खिडकी असलेली. ती खिडकी कानशीने थोडी तिरकी घासून घ्यायचे, म्हणजे पडद्यावर कडा सरळ पडायच्या. पण आतलं चित्र? ते तसंच ताणलेलं! उभा खांब किंचित कललेला, नायकाचे पाय जरा जाड. कडा नीट असल्या की डोळा फसतो आणि आतलं खपून जातं.

म्हणून तपासताना फक्त कडांवर जाऊ नका. पीपीटीमध्ये एक चाचणीची स्लाइड करून ठेवा : अगदी काठाला चिकटून आयत, मधे एक मोठं वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत बारा पॉइंटचा थोडा मराठी मजकूर, रफार-अनुस्वारांसकट. पडद्यावर वर्तुळ अंड्यासारखं दिसतंय पण चारही कोपरे काटकोनात आहेत, तर तो कीस्टोनचा मामला नाहीच. ते प्रमाण चुकलंय. जुने वर्गातले प्रोजेक्टर बऱ्याचदा १०२४ गुणिले ७६८ चे, म्हणजे ४:३ चे असतात आणि तुमची स्लाइड असते १६:९ ची. कुणीतरी ‘पूर्ण पडदा भरा’ अशी सेटिंग केली की सगळे उंच आणि बारीक दिसतात. सेल्फीसाठी बरं आहे, हृदयाच्या आकृतीसाठी नाही. मेन्यूमध्ये ‘आस्पेक्ट रेशो’ ऑटोवर करा. अख्खं चित्रच एका अंगाला कललं असेल तर प्रोजेक्टरच्या पायांची उंची कमी-जास्त आहे. पाय फिरवून सारखे करा, नाहीतर मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप वर ठेवून बघा. कड मधेच फुगीर असेल तर पडदाच पोटाळलाय. चादर लावली असेल तर खालच्या शिवणीत एखादा पाइप घाला.

टेपने मोजायचं असेल तर एक सावधगिरी. बांधकामावर गवंडी काटकोन तपासायला दोन्ही कर्ण मोजतात, सारखे आले की पाया चौकोनी. ती युक्ती इथे दगा देते. प्रोजेक्टर मध्यावर असून फक्त वर झुकलेला असेल तर भिंतीवर समद्विभुज समलंब चौकोन पडतो, आणि त्याचेही कर्ण समानच असतात! आठवतंय का भूमितीच्या पुस्तकातलं? म्हणून वरची आणि खालची कड मोजा, डावी आणि उजवी मोजा, कर्ण सगळ्यांत शेवटी.

ऑटो कीस्टोनवर फार भिस्त ठेवू नका. साध्या प्रोजेक्टरमध्ये तो फक्त यंत्र किती वर-खाली झुकलंय ते मोजतो, मोबाइलला आडवं-उभं कळतं तसं. पडदा सरळ उभा आहे हे तो गृहीत धरतो. स्टँडचा पडदा मागे कललेला असेल तर त्याचं गणित चुकणारच. काही नवे प्रोजेक्टर कॅमेऱ्याने पडदा खरोखर बघतात, ते बरे. पण पिक्सेल त्यांचेही वाया जातातच.

म्हणजे कीस्टोन वापरायचंच नाही? तसंही नाही. प्रोजेक्टर हाताने जितका सरळ होतो तितका करून झाल्यावर उरलेल्या दोन-चार अंशांना ते उत्तम आहे. खांब आडवा येतोय, छताचा हुक चुकीच्या जागी आहे, शो दहा मिनिटांवर आलाय, तर बिनधास्त वापरा. सिनेमासाठी त्याहून बिनधास्त. फोर कॉर्नरची सोय असेल तर कोपरे एकेक ओढून बसवता येतात. मोबाइलमधलं स्कॅनर अॅप तिरक्या काढलेल्या नोट्सच्या फोटोचा सरळ आयत करतं ना, तेच गणित उलट्या दिशेने. चार कोपरे, प्रत्येकाचे दोन निर्देशांक, आठ समीकरणं, आठ अज्ञातं. इंजिनीअरिंगवाल्यांनो, मॅट्रिक्स कुठे वापरतात म्हणून विचारत होता ना?

आणि वाकडं चित्र हे नेहमी संकटच असतं असंही नाही. टीव्हीवर क्रिकेट बघताना मैदानात उभी असल्यासारखी दिसणारी जाहिरात खरं तर गवतावर पसरलेली, विचित्र ताणलेली असते. ती फक्त मुख्य कॅमेऱ्याच्या जागेवरून नीट दिसते. रस्त्यावर शाळेजवळ रंगवलेली लांबलचक अक्षरं गाडीतून बघितली की बेताची वाटतात. जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन याने १५३३ साली ‘द अँबॅसिडर्स’ या चित्रात दोन रुबाबदार माणसांच्या पायाशी एक लांबुळका डाग रंगवला. समोरून काहीच कळत नाही, चित्राच्या कडेला जाऊन तिरकं बघितलं की ती कवटी होते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आजही लोक त्या कडेला जाऊन माना वाकड्या करतात.

तुमच्या सेमिनार हॉलमध्ये मात्र एवढं करा : आदल्या दिवशी मामांकडून किल्ली घ्या, मेन्यूत जाऊन आधीच्या बॅचने करून ठेवलेलं कीस्टोन शून्यावर आणा, मग टेबल सरकवायला लागा. जागा जमली की टेबलाच्या पायांपाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या चार खुणा करा. सकाळी झाडू मारताना टेबल हलणार आहेच.